सॅटेलाइटची साक्ष घ्या, पण ती आम्हाला दाखवा



कार्तिकी पौर्णिमेची कपिलधारची यात्रा होऊन महिना उलटला. सोयाबीन निघालं, जे काही हाती लागलं ते विकून झालं, तूर शेंगात आहे. आता पारावर बसलं की एकच विषय निघतो, विमा कधी येणार आणि किती येणार. त्यात यंदा एक शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, सॅटेलाइट. कुणी म्हणतं, वरून आपलं रान हिरवं दिसलं म्हणून पैसे बुडणार. कुणी म्हणतं, सॅटेलाइट आलं की सगळ्यांची लबाडी बंद, ज्याचं नुकसान त्यालाच पैसा. दोन्ही बोलणी अर्धी खरी आहेत. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, विम्याची आहे. लांब झाली आहे, पण सवडीनं वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विम्यात उपग्रहाची साक्ष पाहिजेच. पण निकाल एकट्या उपग्रहाचा नको, आणि त्यानं काय साक्ष दिली ती ज्याच्या रानाची आहे त्याला दिसली पाहिजे. आज ती दिसत नाही. खरा घोळ तिथं आहे.

आधी पावसाचं बघू

आपल्याकडचा हवामानावरचा विमा म्हणजे फळपीक विमा. मोसंबी, डाळिंब, आंबा, सीताफळ. यात रानात कुणी पंचनाम्याला येत नाही. प्रत्येक फळाचे आकडे ठरलेले असतात, अमुक काळात पाऊस किती, खंड किती दिवसांचा, तापमान किती. तो आकडा सर्कलच्या हवामान केंद्रावर बसला तर पैसे, नाही बसला तर नाही. बाग जळाली का जगली, हा प्रश्नच त्यात येत नाही.

पावसावर विमा ही कल्पना काही आजची नाही. म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 साली पुस्तक लिहून पावसाच्या आकड्यावर शेतीविमा द्यावा असं मांडलं होतं. प्रत्यक्षात आपल्या देशात तसा विमा आला 2003 मध्ये, तेलंगणातल्या महबूबनगर भागात, भुईमूग आणि एरंडीवर. म्हणजे विचार सुचून हातात यायला ऐंशी वर्षं गेली. दुसरा रस्ता आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांनी दाखवला. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसू नका, एकसारख्या भागाचं सरासरी उत्पादन मोजा आणि त्यावर सगळ्यांना सारखी भरपाई द्या. 1979 पासून देशात पीकविम्याचे प्रयोग झाले ते याच वाटेनं. आजचा आपला सोयाबीनचा विमा त्याच वाटेवर आहे.

दोन्ही वाटांत खड्डा एकच. "भाग" केवढा धरायचा?

आपल्या राज्यात महावेध प्रकल्पातून सर्कलला एक अशी दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटर. भागाकार करून बघा, साधारण दीडशे चौरस किलोमीटरला एक केंद्र येतं. सपाट मुलखात हे एक वेळ चालून जाईल. आपलं गाव बालाघाटात आहे. एक रान माथ्यावर, एक उतारावर, एक दरीत. कपिलधारच्या दरीत धबधबा कोसळत असतो आणि वरच्या माळावरचं सोयाबीन माना टाकून उभं असतं, हे आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे. श्रावणातला पाऊस तर बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो, असं जुनी माणसं सांगायची. ते काही खोटं सांगत नव्हती.

आता नियम बघा. 24 तासांत 65 मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. 2.5 मिलिमीटरच्या खाली झाला तर तो दिवस पावसाचा धरत नाहीत, म्हणजे कोरडा. केंद्रावर 64 पडला आणि तुमच्या रानात नाला फुटून माती वाहून गेली, तरी कागदावर अतिवृष्टी नाही. खंडाचे दिवस मोजताना केंद्रावर एक दिवस 3 मिलिमीटरचा शिडकावा झाला की मोजणी परत एकपासून. तुमच्या रानात त्या दिवशी ढेकूळसुद्धा ओलं झालेलं नसतं.

2023 चा ऑगस्ट आठवा. हवामान खात्याच्या नोंदीत 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. जिल्ह्यात सोयाबीनला 25 टक्के अग्रिम देण्याची अधिसूचना निघाली. पण राज्यात ठिकठिकाणी कंपन्यांनी हरकती घेतल्या, अपिलं झाली. भांडण कशावर, तर कुठल्या सर्कलला किती दिवसांचा खंड. सगळा पैसा एका खांबावरच्या यंत्राच्या आकड्यावर टांगलेला. त्या यंत्राशेजारी झाड वाढलं, भिंत आली, तर पाऊस कमी मोजला जातो. तोंडात पालापाचोळा अडकला तरी तेच. हे कृषी खात्यातल्या लोकांनाही माहीत आहे.

मग उपग्रहानं पाऊस मोजावा का?

इथं बरेच जण फसतात. मोबाइलवर ढगांचं चित्र बघून वाटतं, वरून सगळं बारीक दिसत असणार. तसं नाही. पाऊस मोजणारे उपग्रह पाऊस थेट मोजत नाहीत. ढगाच्या माथ्याचं तापमान आणि ढगातल्या पाण्यावरून येणाऱ्या लहरी बघून ते अंदाज बांधतात. नासा आणि जपाननं मिळून 2014 मध्ये सोडलेल्या जीपीएम उपग्रहाच्या आधारानं जो आकडा निघतो, त्याचा एक चौकोन साधारण दहा बाय दहा किलोमीटरचा. म्हणजे शंभर चौरस किलोमीटरच्या वर. आपल्या सर्कलपेक्षा तो काही फार बारीक नाही. चिर्प्स नावाची दुसरी नोंद आहे, 1981 पासूनची, तिचा चौकोन पाच किलोमीटरचा. ती जमिनीवरच्या पर्जन्यमापकांचे आकडे मिसळूनच तयार होते. आणि डोंगराळ भागात या अंदाजांची चूक वाढते.

म्हणून जो कुणी म्हणेल की केंद्रं काढा आणि उपग्रहाच्या पावसावर विमा द्या, त्याला नाही म्हणायचं. पावसासाठी जमिनीवरचा पर्जन्यमापकच पाहिजे, आणि तो गावोगाव पाहिजे. केंद्र सरकारच्या 'विंड्स' योजनेत तेच ठरलेलं आहे, तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक. तो लवकर बसावा यासाठी ग्रामसभेत ठराव घ्या.

उपग्रहाचं पावसातलं काम दुसरं आहे, यंत्रावर नजर ठेवायचं. एखाद्या दिवशी केंद्र शून्य दाखवतं, आजूबाजूची चारही केंद्रं पाऊस दाखवतात, वरून ढगही दाट दिसतोय, तर त्या केंद्राच्या आकड्यावर लाल खूण पडली पाहिजे. मग कुणी तरी जाऊन यंत्र बघून यावं. पैशाचा निकाल लागायच्या आधी. एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतील. आणि चाळीस वर्षांची जुनी नोंद असल्यामुळं, या डोंगरपट्ट्यात किती वर्षांतून एकदा मोठा खंड पडतो याचा हिशेब करून हप्ता आणि अटी ठरवता येतील. सर्कलचं केंद्र आठ-दहा वर्षांचं, त्याला एवढी आठवण कुठून असणार?

पीक मात्र वरून चांगलं दिसतं

पाऊस मोजण्यात कमी पडणारा उपग्रह पीक बघण्यात लई हुशार आहे. युरोपचा सेंटिनेल-2 घ्या. त्याचा एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. आणि आपला गुंठा 101 चौरस मीटरचा. म्हणजे एक ठिपका म्हणजे एक गुंठा, एकरात चाळीस ठिपके! जोडीचे उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी आपल्या रानावरून जातात. जोमदार हिरवं पान लाल उजेड खाऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. सुकलेलं पान तसं करत नाही. या दोन उजेडांच्या हिशेबातून पिकाची तब्येत कळते. त्यालाच एनडीव्हीआय म्हणतात.

पण खरिपात ढग असतात आणि हा उपग्रह ढगातून बघू शकत नाही. नेमका जुलै-ऑगस्टात, पीक फुलात असताना, त्याचे डोळे झाकलेले. तिथं रडारवाले उपग्रह कामाला येतात. ते स्वतःच लहरी सोडतात आणि ढगातून, रात्रीसुद्धा बघतात. सेंटिनेल-1 तसा आहे. आणि 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून आपल्या इस्रोनं नासासोबतचा निसार सोडला, तोही रडारवाला. बारा दिवसांत तो परत त्याच जागेवर येतो. रानात साचलेलं पाणी रडारला चांगलं ओळखू येतं.

आता ही सगळी आयुधं हातात असताना 2025 च्या खरिपात काय झालं ते बघा. एक रुपयातला विमा बंद झाला. खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला 5 टक्के हप्ता परत आपल्यावर आला. त्याची फार तक्रार नाही, हप्ता भरला की जाब विचारायचा हक्क येतो. पण त्याबरोबर पेरणी न होणं, हंगामातला खंड, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान, ही चारही कलमं गेली. राहिली फक्त शेवटी पीक कापून निघणारी सरासरी. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं हाहाकार केला. सिंदफणा, मांजरा, सीना, सगळ्या नद्या पात्र सोडून रानात आल्या. ज्याची जमीनच खरडून गेली तो आणि ज्याचं माळावरचं सोयाबीन थोडंफार वाचलं तो, दोघं एकाच सर्कलच्या सरासरीत.

आधी स्थानिक आपत्तीचं कलम होतं तेव्हा 72 तासांत कळवायची अट होती. दरीत मोबाइलला रेंज नाही, वीज नाही, ॲप उघडत नाही, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाणी ओसरलेलं. ते कलम काढायचं कारण भांडणं आणि खर्च असेल, तर त्याचं औषध आज आकाशात फिरतंय. रडारच्या चित्रावरून कुठल्या गटात पाणी उभं होतं, कुठं माती वाहून गेली, याची यादी माणूस न पाठवताही काढता येते. ज्यांचे गट त्या यादीत नाहीत त्यांच्याकडंच पंचनाम्याला माणूस पाठवायचा. माझी पहिली मागणी हीच. काढलेली कलमं परत आणा आणि पहिली पाहणी उपग्रहानं करा.

हिरवं दिसतं म्हणजे पिकलं असं नाही

आता दुसरी बाजू. केंद्र सरकारनं 'यस-टेक' नावाची पद्धत आणली. 2023 च्या खरिपापासून भात आणि गव्हाला, पुढं सोयाबीनलाही. उपग्रह, हवामान आणि संगणकाचा हिशेब मिळून जे उत्पादन निघेल त्याला किमान 30 टक्के वजन आणि बाकीचं वजन पीक कापणी प्रयोगाला. आपल्या राज्यानं कापूसही यात घेतला.

हे का आणलं तेही नीट समजून घेऊ. सर्कलमध्ये सोयाबीनचे दहा-बारा कापणी प्रयोग होतात. दहा बाय पाच मीटरचा तुकडा, त्यातलं बी मोजायचं, त्यावर हजारो शेतकऱ्यांचा निकाल. त्या तुकड्यावर दोन्हीकडून दाब येतो. गावाला वाटतं कमी यावं, कंपनीला वाटतं जास्त यावं. कागदावर झालेले प्रयोगही आपण ऐकले आहेत. शिवाय गायरानावर, सरकारी जमिनीवर, बाग नसताना बागेवर विमा उतरवल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातून छापून आल्या. त्यानं नाव आपल्या सगळ्यांचं खराब झालं. अशी चोरी पकडायला उपग्रहासारखा पहारेकरी नाही. त्याला कुणाची भीड नाही.

पण उत्पादनाचा अंदाज ही वेगळी गोष्ट. उपग्रहाला पान दिसतं, शेंग दिसत नाही. सोयाबीन माजलं, कमरेला लागलं आणि शेंगाच धरल्या नाहीत, तर वरून ते सोन्यासारखं दिसणार. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून शेंगेतच कोंब फुटले, तोवर पानं गळून गेलेली असतात, वरून काय कळणार? कापसाची बोंडं सडली तरी झाड हिरवंच. पीक मेलं आणि तण माजलं तर तेही हिरवंच. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीची एक, अशा मिश्र रानात एका गुंठ्याच्या ठिपक्यात दोन्ही पिकं येतात. तूर हिरवी उभी असते आणि शेजारचं सोयाबीन गेलेलं असतं.

याचा पैशात काय फरक पडतो ते मांडून दाखवतो. आकडे समजायला सोपे धरले आहेत. उंबरठा उत्पादन हेक्टरी 900 किलो धरा. (मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिच्या 70 टक्के, तो उंबरठा.) विमा रक्कम हेक्टरी 50 हजार धरा.

कापणीत 500 किलो आलं. नुसत्या कापणीवर भरपाई बसते साधारण 22,200 रुपये. पण उपग्रह म्हणाला पीक चांगलं आहे, 900 किलो. सत्तर-तीस मिसळलं की उत्पादन झालं 620 आणि भरपाई आली 15,550 वर. हेक्टरी साडेसहा हजारांच्या वर गेले.

आता उलटं बघा. कापणीचे तुकडे चांगल्या रानात पडले, 900 किलो आलं. नुसत्या कापणीवर भरपाई शून्य. उपग्रह म्हणाला 500 किलो. मिसळून 780 आणि भरपाई 6,660 च्या आसपास. इथं उपग्रहानं आपल्याला वाचवलं.

म्हणजे तो आपला वैरीही नाही आणि सोयराही नाही. पण दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. दोन साक्षीदार एवढं वेगळं सांगत असतील तर त्यातला एक चुकलाय, आणि आपण तो कोण हे न शोधता दोघांची सरासरी काढतोय. एक जण म्हणाला विहिरीत पाणी आहे, दुसरा म्हणाला नाही, म्हणून आपण अर्धी विहीर भरलेली धरतो का? जाऊन बघतो ना. माझी दुसरी मागणी ही. कापणी आणि उपग्रह यांच्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक आला तर त्या सर्कलमध्ये परत पाहणी झालीच पाहिजे. त्यासाठी उपग्रहाचा हंगामातला अंदाज काढणीच्या आधी जाहीर करावा लागेल, कारण पीक निघाल्यावर रानात बघायला काय उरतं?

मलावीचा धडा

हे आपल्याच नशिबी आहे असं नाही. आफ्रिकेत मलावी नावाचा छोटा देश आहे, मक्यावर जगणारा. त्यांनी देशाचा म्हणून दुष्काळाचा विमा काढला होता, उपग्रहाच्या पावसावर आणि संगणकाच्या हिशेबावर चालणारा. 2015-16 च्या हंगामात मोठा दुष्काळ पडला, सरकारनं आणीबाणी जाहीर केली. संगणक म्हणाला, भरपाई लागू होत नाही! मग शोध घेतला. हिशेबात मका जास्त दिवसांचा धरला होता, आणि शेतकऱ्यांनी पेरला होता कमी दिवसांचा. कमी दिवसांच्या मक्याला पावसाचा ताण वेगळ्या वेळी बसतो. ती एक गोष्ट दुरुस्त केली आणि शून्याचे सुमारे 81 लाख डॉलर झाले. पण पैसे पोचेपर्यंत 2017 उजाडलं.

यातून आपण काय घ्यायचं? उपग्रह बरोबर होता, पाऊसही बरोबर मोजला होता. चुकलं ते रानात काय पेरलंय याची माहिती. आपल्याकडं जेएस 9305 लवकर निघतं, फुले संगम उशिरा. मृगात पेरलं आणि पुनर्वसूत पेरलं तर फुलोरा वीस-पंचवीस दिवसांनी सरकतो. तोच ऑगस्टचा खंड एकाला मारतो, दुसऱ्याला नुसता चाटून जातो. संगणकाला सर्कलमध्ये सगळ्यांनी एकाच दिवशी एकच वाण पेरलं असं वाटत असेल, तर त्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. म्हणून तिसरी मागणी. ई-पीक पाहणीत पेरणीची तारीख आणि वाण नोंदवून घ्या आणि ती माहिती हिशेबात धरा.

चौथी मागणी सगळ्यात मोठी. आकडा उघडा करा. आज गावात कुणालाही विचारा, तुझ्या सर्कलचा उपग्रहाचा आकडा किती निघाला? माहीत नाही. खात्यावर पैसे आले की कळतं, नाही आले की तेही कळतंच, पण का ते कळत नाही. गेल्या काही वर्षांत मी स्वतः दोन वेळा लेखी विचारलं. एकदा उत्तर आलं की नियमानुसार निर्णय झाला, एकदा उत्तरच आलं नाही. सातबारा आपल्याला बघता येतो, वजनकाट्यावर माल आपल्या डोळ्यांसमोर मोजतात. मग ज्या आकड्यावर वर्षाचा निकाल लागतो तो झाकलेला का? गाववार उत्पादन, कापणीचा आकडा, उपग्रहाचा आकडा आणि केंद्राचा रोजचा पाऊस, चारही गोष्टी निकालाच्या आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात आणि हरकतीला पंधरा दिवस मिळावेत. सेंटिनेलची चित्रं जगात कुणालाही फुकट मिळतात. चित्रं फुकट आणि त्यावरून काढलेला निकाल गुपित, हा कुठला न्याय?

कृषी खात्यातले, विद्यापीठातले जे साहेब लोक ही नोंदवही वाचतात त्यांना एक विनंती. परभणीच्या विद्यापीठानं आणि कृषी विज्ञान केंद्रांनी डोंगरपट्ट्यातली काही रानं निवडून तिथं कापणी, पर्जन्यमापक आणि उपग्रह असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत. सपाट काळ्या रानावर बसवलेला हिशेब मुरमाड उतारावर लागू पडतो का, हे आधी तपासा.

आपण काय करायचं

नुसत्या मागण्या करून भागत नाही. आपली साक्षही तयार पाहिजे.

एक, पर्जन्यमापक ठेवा. विकत नसेल घ्यायचा तर सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा चालतो. मोकळ्या जागी, झाड-भिंतीपासून लांब, उंचवट्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. एक मिलिमीटर म्हणजे एकराला चार हजार लिटर पाणी. एकाची वही कुणी मानणार नाही. पण गावातल्या पाच जणांच्या वह्या एकसारखं बोलायला लागल्या तर साहेबालाही ऐकावं लागतं.

दोन, ई-पीक पाहणी स्वतः करा आणि वेळेत करा. मिश्र पीक असेल तर मिश्रच लावा. पेरलंय एक आणि विमा दुसऱ्याचा, हे करू नका. वरून ते दिसतं, आणि एकाच्या लबाडीनं अख्ख्या गावाची फाइल अडकते.

तीन, बियाण्याच्या पिशवीचं लेबल आणि पावती जपून ठेवा. वाण कोणतं आणि पेरलं कधी, याचा पुरावा तोच.

चार, पेरणी, फुलोरा, शेंगा भरणं आणि काढणी, असे चार वेळा रानाचे फोटो घ्या, ठिकाण आणि तारीख येईल असे. वरच्या चित्रात जे दिसत नाही ते, म्हणजे शेंगा, बोंडं, मुळं, त्यांचे जवळून घ्या.

पाच, कापणी प्रयोग कोणत्या गटात आहे ते विचारून घ्या आणि त्या दिवशी हजर राहा. भांडायला नको, बघायला. वजन, ओलावा, तुकड्याचं माप, सगळं लिहून घ्या. तुकडा खरा कापला गेला तर आपलंच भलं, कारण उपग्रहाला खोटं ठरवायचं असेल तर आपल्या हातात खरी कापणीच आहे.

येत्या खरिपाच्या आधी ग्रामसभा होईल तेव्हा या चार मागण्यांचा ठराव मांडायचं मी ठरवलं आहे. मसुदा तयार झाला की इथंच टाकतो, तुमच्या गावाचं नाव घालून तुम्हीही वापरा. आणि ज्यांच्याकडं 2025 च्या सप्टेंबरातली पावसाची स्वतःची नोंद आहे त्यांनी गाव, तारीख आणि मिलिमीटर एवढंच लिहून कळवा. सर्कलच्या आकड्याशेजारी मांडून बघू, फरक किती निघतो ते.